डिस्क ५०० जीबीची, सर्व्हर म्हणतो जागा संपली

गंजगोलाई:
नमस्कार मंडळी. लातूरला आमच्या क्लासमधे उबुंटू सर्व्हर आहे, लेक्चरचे व्हिडिओ त्यावर टाकतो. काल रात्री अपलोड मधेच अडकलं, डीएफ -एच (जागा दाखवणारी कमांड) मारलं तर रूट (सिस्टिमचा मुख्य भाग) ९८ जी आणि १००% भरलेलं. डिस्क तर ५०० ची घेतलेली, बाकीची गेली कुठं? दुकानदार म्हणतो नवी एसएसडी टाका. रविवारी नीटच्या पोरांची टेस्ट हाय, फॉरमॅट मारायला टाइम नाही.

गोदाकाठ:
भाऊ, एसएसडीला पैसे कामून घालता. जागा तिथंच पडून आहे. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कचे नंतर वाढवता येणारे भाग पाडायची सोय) करताना मोठ्या डिस्कवर रूटला १०० जीबीच देतो, बाकी व्हॉल्यूम ग्रुपमधे (जागेच्या सामाईक साठ्यात) तशीच सोडतो. सुडो व्हीजीएस मारा आणि व्हीफ्रीचा, म्हणजे मोकळ्या जागेचा, आकडा सांगा.

गंजगोलाई:
३६२.७१जी दाखवलालंय!! आता सगळी देऊन टाकू का?

परभणीवाला:
सगळी नका देऊ दादा. वाढवणं चालू सर्व्हरवर होतं, कमी करायचं म्हणलं तर ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) अनमाउंट, म्हणजे वापरातून बाजूला, करावी लागते, रूट असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करा, आणि एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम तर कमी होतच नाही समजा. शिवाय स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्यायला ग्रुपमधे मोकळी जागा लागते. २०० घ्या.
सुडो एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +२००जी /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही
(इंग्रजीत टाइप करा हो, आणि एल कॅपिटल, छोटा एल टाकला तर तो एक्स्टेंट (एलव्हीएमचे छोटे तुकडे) मोजतो.) अधिकचं चिन्ह विसरू नका, नाहीतर एकूण २०० असा अर्थ होतो. मी एकदा एलव्हीरीसाइझला अधिक न लावता ५०जी दिलं होतं, वॉर्निंग आली म्हणून वाचलो, नाहीतर ऑफिसात तोंड दाखवायची सोय नव्हती.

गोदाकाठ:
आधी दोन-चार जुने व्हिडिओ उडवा. रूट ठासून भरलं असलं की एलव्हीएमला /ईटीसी/एलव्हीएम मधे मेटाडेटाची (भागांच्या नोंदींची) कॉपी लिहिता येत नाही आणि कमांड तिथंच फसते. बॅकअप तर आहेच ना?

गंजगोलाई:
बॅकअप हाय, बाहेरच्या हार्डडिस्कवर. व्हिडिओ उडवले, कमांड मारली, एलव्हीएस मधे ३००जी दिसतंय पण डीएफ अजून ९८ वरच. लाइट जायच्या आत सांगा कुणीतरी, यूपीएस दहा मिनिटंच टिकतो.

परभणीवाला:
-आर टाकलाच नाही ना? एलव्ही (एलव्हीएमने पाडलेला भाग) वाढला, आतली फाइलसिस्टिम तेवढीच राहिली. परत एक्स्टेंड नका करू, अजून २०० मागेल आणि आता उरलेत १६२. नुसतं सुडो रीसाइझटूएफएस आणि पुढं तोच पाथ. एक्सएफएस असतं तर एक्सएफएस_ग्रोएफएस आणि माउंट पॉइंट.

गंजगोलाई:
झालं!! २९५ जी, ३४% भरलेलं, रीबूट पण लागलं नाही. -आर खरंच खाल्ला होता, मोबाइलवरून बघून टाइप करलालतो. दुकानदाराला आता सांगतो, एसएसडी नको म्हणून.