जुन्या दवाखान्यातली शाळा पाडा म्हणणाऱ्या भाऊंना

महालातला मास्तर
काल एका भाऊंनी नागपुरातल्या आपल्या भागातल्या जुन्या दवाखान्याचा फोटो टाकला. तिथं शाळा भरते, हे सगळ्यांना माहीत आहे. खाली लिहिलं, "जिथं माणसं मेली तिथं लेकरं कायले बसवता? पाडा अन् तीन मजली स्लॅबची शाळा बांधा." त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितो.

भाऊ, एप्रिलमध्ये दुपारी स्लॅबच्या वरच्या मजल्यावर कधी वर्ग घेतला आहे का? मी जन्मभर घेतला. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ते काय आपले लाड म्हणून? त्या दवाखान्यात हातभर जाड भिंती, उंच छत, समोरासमोर खिडक्या अन् दोन्ही बाजूंनी वऱ्हांडा आहे. हौस म्हणून नाही बांधलं तसं. रोग घाण हवेतून पसरतो अशी तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत होती. फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ मध्येच लिहून ठेवलं की वॉर्ड लांब असावा, खिडक्या दोन्हीकडे, खाटा साधारण तीस. जंतूंचा शोध नंतर लागला, समजूत चुकीची निघाली, पण इमारती झकास झाल्या. अन् आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्राथमिकला ३० पोरांमागे एक मास्तर आहे. मोजून घ्या.

बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला १९०४ मध्ये क्षयाचा धोका असलेल्या मुलांसाठी उघड्यावरची शाळा काढली होती. औषध काय, तर ऊन अन् हवा. म्हणजे दवाखाना अन् शाळा हे नातं जुनं आहे.

इतवारीची सून
मास्तर, तुम्ही खुर्चीवरून हवा खाल्ली. मी तशाच एका इमारतीत शिकले, दुसऱ्या गावी. लांब वॉर्ड म्हणजे काय, ते ऐका. मधे प्लायवूडचे पडदे ठोकून तीन वर्ग केले होते. तिसरीचे पाढे सुरू झाले की पाचवीच्या बाईंचा इतिहास बंद. छत इतकं उंच की आवाज वर जाऊन घुमून परत यायचा. अन् तुमच्या नाइटिंगेलबाईंनी संडास वॉर्डाच्या टोकाला ठेवायला सांगितले ना? त्या टोकाला जायला आम्हा पोरींना मुलांच्या अख्ख्या वर्गातून जावं लागायचं. मी दिवसभर पाणीच प्यायची नाही. हे लिहा तुमच्या हवेच्या बाजूला.

बर्डीवाला
ताईशी सहमत. वरून टीबीचे जंतू भिंतीत मुरलेले असतात.

कंपाउंडर काका
कुठं मुरतात रे बाप्पा? टीबीचा जंतू उन्हात तग धरत नाही. घाबरायचं तर जुन्या रंगातल्या शिशाला घाबरा. अन् २०२० मध्ये आपलं आमदार निवास क्वारंटाइन सेंटर होतं, विसरलात? आता हिवाळी अधिवेशनाला आमदार तिथं उतरून राहिले, एकाला तरी जंतू चावला का?

बर्डीवाला
चावला असता तरी समजलं नसतं.

सदर बाजार
मुद्दा वेगळा आहे. इंग्रजांचं आहे म्हणून कवटाळता तुम्ही लोकं. आपल्या मेयो दवाखान्याचंच पाहा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नावावर अजून चालवून राहिले.

कंपाउंडर काका
हे कोणत्या व्हॉट्सॲपवर वाचलं? ते अमेरिकेतले मेयो बंधू, रॉचेस्टरचे. आपलं मेयो व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या नावाचं. १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअरला ज्याला भोसकलं, तो. अन् कागदावर तर ते कधीचं इंदिरा गांधी आहे.

सदर बाजार
म्हणजे जास्तच लाजिरवाणं. गोऱ्याचं नाव कायले घेता मग?

कंपाउंडर काका
ऑटोवाल्याला "इंदिरा गांधी" म्हणून पाहा. तो तुम्हाला मेडिकलला, म्हणजे त्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात, नेऊन सोडते, अन् तुमचा पेशंट मेयोत पडलेला.

गड्डीगोदाम
मेडिकलच चांगलं, तसंही.

कंपाउंडर काका
झालं सुरू! मेडिकल १९४७ चं. त्याच्या ३३ वर्षं आधी, १९१४ मध्ये, मेयोच्या आवारात रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं होतं. तिथं शिकलेल्या डॉक्टरांनी मध्य प्रांत सांभाळला. दवाखान्यात शाळा अशुभ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

गड्डीगोदाम
इतिहास नका शिकवू. माझ्या बापाला एका सरकारी दवाखान्यात रात्रभर वऱ्हांड्यात झोपवलं होतं. नाव घेत नाही. तुमचा तो हवेशीर वऱ्हांडा.

कंपाउंडर काका
आता वऱ्हांड्याचा काय दोष? खाटा वाढवा म्हणा. बालाघाट, छिंदवाड्यापासून लोकं येतात इथं.

महालातला मास्तर
धागा शाळेचा आहे राजेहो! मेयो-मेडिकल दुसरीकडे भांडा.

कंपाउंडर काका
रॉबर्टसन शाळाच होती.

बर्डीवाला
मास्तर, मनपाच्या मराठी शाळांना पोट्टे भेटून नाही राहिले. तुम्ही खिडक्या मोजत बसा. तुमचे नातू कोणत्या मीडियमला, ते सांगा आधी.

महालातला मास्तर
नातवांना मधे आणायचं काम नाही. पणजीचं जुनं मेडिकल कॉलेज बांबोळीला गेलं, त्या जुन्या इमारतीत आता इफ्फी फिल्म फेस्टिव्हलची गर्दी असते. एडिंबराचं १८७९ चं रॉयल इन्फर्मरी विद्यापीठानं घेतलं, २०२४ मध्ये तिथं वर्ग भरू लागले. तिथं कोणी "माणसं मेली" म्हणून रडलं नाही. माणसं कुठं मरत नाहीत?

इतवारीची सून
एडिंबराला संडास बांधून दिले असतील हो. आपल्याकडे रंग मारतात, फीत कापतात. बरं, हवा खेळते, मान्य. गारवाही मान्य. आता पोरींचे वेगळे संडास, व्हीलचेअरसाठी उतार, अन् प्लायवूडऐवजी आवाज अडवणारी भिंत, एवढं आरटीईत बसवून दाखवा. मग पाडू नका म्हणायला मी स्वतः झोन ऑफिसला येते.

महालातला मास्तर
संडासाचं पत्र मीच लिहितो. पण जुन्या वॉर्डात पक्की भिंत घातली तर समोरासमोरच्या खिडक्यांचं काय, तेही सांगा.

इतवारीची सून
भिंत आडवी घालायची मास्तर, उभी नाही. प्रत्येक वर्गाला दोन्हीकडच्या खिडक्या राहतात. भूमितीला कोण होतं तुम्हाला?

बर्डीवाला
स्ट्रक्चरल ऑडिट कोणी केलं आहे का त्या इमारतीचं? का नुसते भांडून राहिलो आपण?