चर्चा : मोजमाप शिकण्यासाठी नाल्यात उतरलेच पाहिजे का?

पूर्णाकाठ : नकाशेवाला यांनी काल इथे लिहिले की, प्राकृतिक भूगोलातील क्षेत्रकार्याचा अभ्यासक्रम कालबाह्य झाला असून, इस्रोचे 'भुवन' संकेतस्थळ आणि युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमा हाताशी असताना मुलांना उन्हात टेप ओढायला लावणे म्हणजे निव्वळ सहल आहे. उत्तर देणार नव्हतो, राहवले नाही. सेंटिनेल-२ च्या प्रतिमेतली सर्वांत बारीक चौकट (पिक्सेल) १० मीटरची असते आणि आमच्या गावचा नाला जेमतेम ४ मीटर रुंद आहे. त्या प्रतिमेत तो काठावरच्या बाभळींत मिसळून जातो. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे भूरचनेच्या नकाशावर, सारखी उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा उंचीच्या २० मीटरच्या अंतराने येतात, त्यामुळे पूर्णा नदीच्या सपाट गाळात तीन मीटर खोल घळ पडली तरी नकाशाला तिचा पत्ता नसतो. गेल्या वर्षी मुलांनी तशीच एक घळ ॲबनी लेव्हल (उतार मोजायचे हातातले साधन) आणि टेपने मोजली, तेव्हा तीन गटांची २.४, २.९ आणि ३.३ मीटर अशी तीन उत्तरे आली. घळीचा काठ नेमका कोठून धरायचा, यावर मुले तासभर भांडली. मला शिकवायचे होते ते नेमके हेच.

नकाशेवाला : भांडण शिकवायला विद्यापीठ कशाला हवे? माझ्या वेळी आम्हाला प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायची तिपाईवरची फळी, देऊन महाविद्यालयाच्या मैदानावर सोडले होते. कागद वाऱ्याने उडाला, नेम धरायची पट्टी, म्हणजे ॲलिडेड, झाडाखाली विसरला आणि सर्वांनी एकाच्याच वहीतले आकडे उतरवले. तरी गुण सर्वांना सारखेच मिळाले. लोणारला नेले तर विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर हे पुस्तकातलेच वाक्य वहीत येते, उतार मोजत खाली कोणी जात नाही. शिवाय आमच्याकडे क्षेत्रभेट निघते जानेवारीत. कोरड्या नाल्यात चेंडू सोडून प्रवाहाचा वेग कसा मोजायचा, तेवढे सांगावे.

तिफणकर : मी शेतकरी आहे, पण हा विषय माझ्या वावरात येऊन गेला आहे. हरभरा निघाल्यावर एका महाविद्यालयाची चाळीस मुले आली. त्यांनी ३० आणि ६० सेंटिमीटरची दोन लोखंडी कडी एकात एक रोवून पाणी ओतले आणि ते थेट भेगेत गेले. गुरुजींनी 'झिरपण्याचा दर अतिशय जास्त' असे लिहून घेतले. काळ्या मातीत! त्याच जागी पावसाळ्यात दोन-दोन दिवस पाणी तुंबून तूर पिवळी पडते. मला विचारले असते तर सांगितले असते. विहिरीवरून आणून दिलेल्या पाण्याचा हिशेब सोडा, पण मातीचे नमुने काढलेले आठ खड्डे तसेच ठेवून मंडळी गेली आणि त्यातल्या एकात माझ्या गोऱ्ह्याचा पाय अडकला.

पूर्णाकाठ : खड्ड्यांबद्दल मी त्या अनोळखी गुरुजींच्या वतीनेही माफी मागतो. आकडा मात्र खोटा नव्हता. तो भेगांचा होता, मातीचा नव्हता. पाणी आडवे पसरू नये म्हणून बाहेरचे कडे असते, पण भेगच दोन्ही कड्यांखालून पार गेली असेल तर ते काय अडवणार? माती भिजून फुगली, भेगा मिटल्या की तोच दर कितीतरी पटींनी खाली येतो. म्हणून हे मोजमाप उन्हाळ्यात एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा, त्याच जागी घ्यावे लागते.

तिफणकर : ऑगस्टमध्ये उभ्या कपाशीत चाळीस मुले? धुऱ्यावरच्या चिखलात स्वतः एकदा चालून पाहा, मग वेळापत्रक आखा.

नकाशेवाला : म्हणजे माझेच म्हणणे खरे ठरले.

पूर्णाकाठ : कसे काय? भेगेत गेलेले पाणी तुमच्या उपग्रहाला दिसले की तो गोऱ्हा दिसला? एका उडालेल्या कागदाचा राग तुम्ही किती वर्षे विद्यार्थ्यांवर काढणार आहात?

नकाशेवाला : वैयक्तिक होण्याचे कारण नाही. घळ आणि झिरपणे या दोन गोष्टी पडद्यावर शिकवता येत नाहीत, हे मान्य करतो. आनंदाने करतो असे समजू नये. पण मग सत्र जूनमध्ये सुरू होताच जावे आणि चाळीस नव्हे, पाच-सहा मुलांचे गट न्यावेत. प्लेन टेबलबद्दलचे माझे मत कायम आहे.

पूर्णाकाठ : गटांचे मान्य. मात्र एका शिक्षकाने सात-आठ फेऱ्या करायच्या आणि तासिका एकाच फेरीची धरायची, ही नेहमीची मेख आहेच.

तिफणकर : पाच मुले चालतील. डवरणी आटोपल्यावर, आदल्या दिवशी फोन करून या. फावडे मात्र तुमचे तुम्ही आणावे.