मदत हवी आहे: बाळाच्या पापणीवर हेमँजिओमा, थांबायचं की औषध सुरू करायचं?

नमस्कार. माझी लेक नऊ आठवड्यांची आहे. जन्मली तेव्हा अंगावर एकही डाग नव्हता. तिसऱ्या आठवड्यात उजव्या पापणीवर ओरखड्यासारखी बारीक लाल रेघ दिसली. तिचंच नख लागलं असेल म्हणून मी हातमोजे घालत बसले. आता तिथे वाटाण्याएवढी लालभडक, मऊ गाठ आहे. रडायला लागली की जांभळट होते, टम्म फुगते.

डॉक्टर म्हणाले हेमँजिओमा आहे, रक्तवाहिन्यांच्या पेशींची गाठ, कॅन्सर नाही. वर्षानंतर आपोआप ओसरेल, थांबू. पण पापणी अर्धी मिटलेली असते हो! दूध पिताना ती माझ्याकडे एकाच डोळ्याने बघते. थांबणं बरोबर आहे का? प्रोप्रॅनोलॉलबद्दल वाचलं, पण ते तर रक्तदाबाचं औषध, एवढ्याशा जिवाला द्यायचं? आणि गरोदरपणात माझं काही चुकलं का?

प्रतिसाद १
शेवटच्या प्रश्नाचं आधी. तुमचं काहीही चुकलेलं नाही. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं, आईच्या खाण्यापिण्याने होत नाही.

पाठीवर असती तर मीही थांबा म्हटलं असतं. पापणीवर आहे, थांबू नका. या वयात नजर घडत असते. डोळा झाकलेला राहिला की मेंदू त्याचा वापर सोडून देतो, आळशी डोळा म्हणतात तो हाच. गाठीच्या दाबाने डोळ्याचा आकार बिघडून सिलिंड्रिकल नंबरही येतो, म्हणजे धूसर दिसतं. पुढे गाठ जाईल, पण गेलेली नजर परत येईलच असं नाही. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत ही गाठ सगळ्यात झपाट्याने वाढते, म्हणजे औषधाची खरी वेळ आत्ताची आहे. लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.

औषधाची भीती मलाही होती. 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना हा गुण योगायोगाने कळला. हृदयाच्या त्रासासाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याची गाठ दुसऱ्याच दिवशी मऊ पडली. 2014 मध्ये अमेरिकेत याच आजारासाठी त्याला मान्यता मिळाली. माझ्या मुलाला सुरू करताना आधी हृदय तपासलं, पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघत होते. दोन दिवसांत लाल रंग राखाडी-जांभळा झाला. बोट लावलं तर गाठ स्पंजसारखी दबली, मी तिथेच रडले.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पोटात दूध असल्याशिवाय डोस द्यायचा नाही. उलट्या होत असतील, नीट पीत नसेल, छातीत घरघर असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन. या औषधाने उपाशीपोटी रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आणि मनाने बंद करू नका, लवकर सोडलं तर गाठ पुन्हा फुगते.

प्रतिसाद २
सगळं अंग नीट बघितलंत का? त्वचेवर पाच किंवा जास्त असे डाग असतील तर आत यकृतातही गाठी आहेत का हे बघायला सोनोग्राफी करतात. पातळ, वरवरच्या डागांना टिमोलॉलचे (प्रोप्रॅनोलॉलच्याच जातीचं औषध) थेंब वरून लावतात, पण तुमच्या ठिकाणी ते पुरेल असं वाटत नाही. आमच्या लेकाच्या पाठीवर होता, काहीच केलं नाही. चौथ्या वर्षी तिथे फक्त सैलसर, सुरकुतलेली कातडी उरली.

धागाकर्ती
खूप आभार. काल रात्री टॉर्च घेऊन बघितलं, मानेमागे केसांत एक छोटा सापडला. दोनच. परवाची वेळ मिळाली आहे. एक विचारू? ती रात्री सलग सहा-सात तास झोपते. औषध सुरू झालं तर उठवून पाजायचं का?

प्रतिसाद १
हो, उठवायचं. या वयात पाच तासांच्या वर उपाशी ठेवू नका, असं आम्हाला बजावलं होतं. मी मोबाईलला गजर लावायचे. परवा त्यांना हाच प्रश्न पहिला विचारा, आणि बाळाचं ताजं वजन लिहून न्या, डोस वजनावर ठरतो.