आईच्या ऑपरेशनच्या जखमेचा फोटो रोज ॲपवर टाकतोय, तेवढ्यावर भरवसा ठेवावा का?

कोयनाकाठ
आईचं अपेंडिक्स फुटलं म्हणून कराडला इमर्जन्सीत पोट उघडून ऑपरेशन करावं लागलं. आता डिस्चार्ज मिळून घरी आहे, गाव पाटणच्या वर डोंगरात, एसटीच्या फेऱ्या मोजक्या, आणि मी बेंगळुरूला. हॉस्पिटलने भावाच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलंय, रोज जखमेचा फोटो टाकायचा आणि ताप आहे का, पाणी येतंय का अशा प्रश्नांना हो-नाही करायचं. भाऊ संध्याकाळी कामावरून आला की टाकतो आणि रोज हिरवी खूण येते. पण कालपासून आई म्हणते टाक्यांच्या खालच्या टोकाला ठणकतंय, मधे कमी झालेलं ते परत वाढलंय. फोटोत मला तरी काही वेगळं दिसत नाही. तिला शुगर आहे. ती म्हणते टाके काढायला जायचंच आहे मग आत्ता कशाला गाडीचा खर्च. फोटोवरून इन्फेक्शन खरंच कळतं का? आणि पोटाचा फोटो म्हणून आईला संकोच पण वाटतो, त्याचं काय करावं?

वॉर्डातली ताई
दादा, बाकी सगळं नंतर, काकूंना उद्या सकाळीच दाखवा. टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. मी सर्जिकल वॉर्डला आहे म्हणून सांगते, ऑपरेशननंतरचं दुखणं दिवसागणिक उतरत जायला पाहिजे, उतरून परत चढलं तर वरून जखम कितीही छान दिसू दे, आत पू साठत असू शकतो. त्यात अपेंडिक्स फुटलेलं म्हणजे पोटात आधीच घाण पसरलेली, वर शुगर, या दोन्हीमुळे धोका जास्तच. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात हे वर येतं आणि तोपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो, म्हणून तर हे ॲप देतात.

ताप नाही यावर पण जाऊ नका, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप दबतो. गोळी द्यायच्या आधी थर्मामीटर लावा. आणि आज रात्रीच थंडी वाजून ताप आला, लाली भराभर पसरायला लागली, पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा टाके उसवले तर सकाळची वाट न बघता लगेच निघा.

लीथकर
मी एडिनबर्गला असतो, इथल्या सर्जन लोकांनी नेमकी याच गोष्टीची ट्रायल केली होती, 2021 मध्ये छापून आली. पोटाची इमर्जन्सी ऑपरेशन झालेले 492 पेशंट, काहींना नेहमीसारखं घरी सोडलं आणि काहींना फोनवरून ठरावीक दिवशी प्रश्न पाठवले, जखमेचा फोटो मागवला. फोनवाल्यांमध्ये पहिल्या 7 दिवसांत इन्फेक्शन पकडलं जाण्याची शक्यता जवळजवळ चौपट निघाली, डॉक्टरकडच्या फेऱ्याही कमी झाल्या. पण पूर्ण 30 दिवस धरले तर निदानाला लागलेल्या एकूण वेळात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिथे नुसता फोटो नव्हता, त्रासाचे प्रश्न होते आणि ते सगळं सर्जरीच्या टीममधलं माणूस बघत होतं. म्हणून हॉस्पिटलला फोन करून सरळ विचारा की आमचा फोटो कोण बघतं, किती वाजता बघतं आणि रविवारी बघतं का. नुसतं फोटो पोचला म्हणून हिरवी खूण येत असेल तर तिचा अर्थ जखम चांगली आहे असा होत नाही.

पोटाचा_सर्जन
वरच्या दोघांशी सहमत. मी सोलापूरला प्रॅक्टिस करतो, पेशंट व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतातच, मला ते आवडतं, कारण लांबच्या माणसाची एक फेरी वाचते. पण दुखणं, गरमपणा, कडकपणा, वास यातलं काहीच फोटोत येत नाही. तुमच्या प्रश्नात 'ठणकतंय' हा शब्द आहे ना, तोच माझ्यासाठी दहा फोटोंपेक्षा मोठा आहे, आणि ॲपमध्ये दुखण्याचा प्रश्नच नसेल तर तो तिथे कुणाला कळणारच नाही.

दुसरं म्हणजे आपली सावळी कातडी. पुस्तकात लालसरपणा लिहिलेला असतो, आपल्याकडे तो जांभळट किंवा नुसता काळपट दिसतो, कधी दिसतच नाही. रवांडात किरेहे जिल्ह्यात सिझेरियन झालेल्या बायकांच्या घरी आरोग्य कार्यकर्ते जाऊन फोटो काढायचे, तिथेही हीच अडचण आली, म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांबरोबर त्यांनी मोबाईलला जोडायच्या, उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यानेही फोटो घेऊन बघितले, कारण गरमपणाला रंगाची गरज नाही. घरी तुम्ही हात धुऊन, स्वच्छ कोरडा करून, उलट्या हाताने जखमेच्या बाजूची कातडी आणि लांबची कातडी अशी दोन्हीकडे बघा, फरक लगेच जाणवतो. खुद्द टाक्यांना हात लावू नका.

फोटो संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली काढत असाल तर बंद करा, सकाळी खिडकीपाशी काढा, फ्लॅश नको, एक जवळून आणि एक पूर्ण पोट दिसेल असा, रोज त्याच अंतरावरून. ड्रेसिंग उघडायला सांगितलं असेल तरच उघडा. आणि कृपा करून हळद लावू नका, माझ्याकडे असे पिवळेधमक फोटो येतात की त्यात पू आहे की हळद हे सांगता येत नाही. लाली दिसलीच तर तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवा, उद्या रेघेबाहेर गेली तर पसरतेय.

वॉर्डातली ताई
संकोचाबद्दल राहिलं. वहिनी, शेजारची कुणी बाई किंवा गावातल्या आशाताई यांना फोटो काढायला सांगा, चेहरा येऊ देऊ नका, बाकीचं अंग चादरीने झाका. फोटो ॲपवर गेला की गॅलरीतून काढून टाका आणि घरच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, काकूंना हे आधीच सांगितलं की त्या तयार होतील. नऊवारी नेसत असतील तर निऱ्यांची गाठ टाक्यांवर येत नाही ना तेही बघा.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच हॉस्पिटलला फोन लावला, तिकडून कळलं की फोटो रोज बघत नाहीत, प्रश्नात 'हो' आलं तरच उघडतात. आणि दुखण्याचा प्रश्न त्यात नाहीच. भाऊ सकाळी सहाला गाडी करून आईला घेऊन निघतोय. तो विचारतोय की तोवर मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन सुरू करू का?

पोटाचा_सर्जन
स्वतःहून नको. डिस्चार्जला लिहून दिलेलं काही असेल तर तेच चालू ठेवा. पू असेल तर एखाद-दोन टाके उघडून तो बाहेर काढावा लागतो, ते काम गोळीने होत नाही. आणि त्यातला पू कल्चरला, म्हणजे कुठले जंतू आहेत ते लॅबमध्ये तपासायला पाठवायचा असतो, मेडिकलची गोळी आधीच पोटात गेली तर रिपोर्टमध्ये जंतू कधीकधी सापडत नाहीत, मग कुठलं औषध लागू पडेल हे कळायला अवघड जातं. उद्या निघताना डिस्चार्ज कार्ड आणि शुगरचे रिपोर्ट बरोबर घ्या, आणि ताईंनी फोटो काढून टाकायला सांगितलंय तरी उद्या दाखवून होईपर्यंत आत्तापर्यंतचे फोटो भावाच्या मोबाईलमध्ये राहू द्या, तारखेवारी फोटो समोर असले की तपासणाऱ्याला खूप सोपं जातं.