मॅकॉन्की अगार: निवडक की भेददर्शक?
मॅकॉन्की अगार हे प्रयोगशाळेत जीवाणू वाढवण्याचे माध्यम आहे. ते निवडक (ठरावीक जीवाणूंनाच वाढू देणारे) मानावे की भेददर्शक (वाढलेल्या जीवाणूंमधील फरक दाखवणारे), असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते ते एकाच वेळी दोन्ही आहे. मात्र हे दोन गुण त्यातील वेगवेगळ्या घटकांमुळे येतात. पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम रंजनात जांभळ्या दिसणाऱ्या) जीवाणूंची वाढ रोखतात, तर लॅक्टोज ही दुधातील साखर आणि न्यूट्रल रेड हा आम्लात रंग बदलणारा दर्शक यांमुळे उगवलेल्या जीवाणूंमधील फरक डोळ्यांना दिसतो. ई. कोलाय हा जीवाणू लॅक्टोज आंबवून आम्ल तयार करतो, त्यामुळे ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवलेल्या प्लेटवर त्याच्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे जीवाणूंचे पुंजके) गडद गुलाबी दिसतात आणि पित्तक्षारांचा साका बसून त्यांच्याभोवती धूसर गुलाबी वलयही उमटते. लॅक्टोज सहसा न आंबवणाऱ्या साल्मोनेला जीवाणूच्या वसाहती रंगहीन राहतात.

एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. शिगेला सोनेई हा जीवाणू लॅक्टोज उशिरा आंबवतो, म्हणून २४ तासांनी रंगहीन दिसलेली वसाहत ४८ तासांनी गुलाबी होऊ शकते. प्लेट किती तासांनी पाहिली हे नोंदवहीत लिहिलेच पाहिजे. ब्लड अगार या रक्त घातलेल्या माध्यमावर सर्वत्र पसरणारा प्रोटियस हा जीवाणूही मॅकॉन्की अगारवर पित्तक्षारांमुळे आटोक्यात राहतो, आणि लघवीच्या नमुन्यांत हा फायदा विशेष जाणवतो.