चर्चा: घटस्फोटात ठरलेली पोटगी पुन्हा उघडता यावी का?

शाहूपुरीकर: परस्परसंमतीच्या घटस्फोटात पुरसीस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) झाली, एकरकमी पोटगी चुकती झाली, की विषय मिटला पाहिजे. एकजण फ्लॅटवरचा हक्क सोडतो, दुसरा रोख वाढवून देतो, तेव्हा कुठं सह्या होतात. पाच वर्षांनी जमिनीचा भाव चढला म्हणून हिशेब परत मांडायचा, तर तडजोड करेल कोण? संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही (कुटुंब न्यायालय कायदा, कलम 19(2)), ते उगीच नाही.

करवीरवासी: एकरकमी आणि दरमहा यांची गल्लत होतेय. दरमहा पोटगीला हिंदू विवाह कायद्याचं कलम 25(2) आहे. दोघांपैकी कुणाचीही परिस्थिती बदलली तर रक्कम वाढते, घटते, रद्दही होते. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतला (ओतकाम कारखान्यातला) माणूस अर्धांगवायूनं घरी बसला, तर जुना आकडा भरणार कुठून? मुलांचं तर कलम 26 वेगळंच आहे. ‘पुढे काही मागणार नाही’ असं आईनं लिहून दिलं तरी मुलाचा हक्क बुडत नाही. बालवाडीच्या वेळी ठरलेली रक्कम बारावीच्या क्लासला कशी पुरेल?

शाहूपुरीकर: मुलांचं मान्य. पण पोटगीचा अर्ज आला की उत्पन्न कमी दाखवायला राजीनामा द्यायचा, ऊस भावाच्या नावावर घालायचा, हेही घडतंच की.

पंचगंगाकाठ: म्हणून तर कागद मागायचे. रजनेश वि. नेहा (2020) निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आपल्याकडे पगारपत्रकावर थांबू नका. सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, दूध संस्थेची बिलं आणि सगळ्या बँक खात्यांचे किमान 3 वर्षांचे उतारे मागा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोटगी कमी करण्याचा अर्ज टाकला की लोक त्याच महिन्यापासून पैसे थांबवतात. नवा हुकूम होईपर्यंत जुनाच चालतो, थकबाकी चढते, वसुलीचं वॉरंट निघतं. घेणाऱ्यांनीही झोपू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) थकबाकी असेल तर देय तारखेपासून 1 वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज हवा.

एकरकमी तडजोडीत मालमत्ता लपवून फसवणूक झाली असेल, तर ज्या कोर्टानं हुकूमनामा केला तिथंच अर्ज करा. तडजोड बेकायदेशीर म्हणून वेगळा दावा लावता येत नाही.

करवीरवासी: मुळात तडजोडपत्रातच वाढ लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये एका प्रकरणात दरमहा 50,000 रुपये आणि दर 2 वर्षांनी 5 टक्के वाढ दिली. असं कलम असलं की दरवेळी कोर्टाची पायरी चढायला नको.

शाहूपुरीकर: हे पटलं, कारण ती वाढ दोघांनी आधीच कबूल केलेली असते. एकरकमीबद्दल मात्र माझं मत तेच. लपवाछपवी सिद्ध झाली तरच ती उघडावी, भाव वाढला म्हणून नाही.