पुठ्ठ्याची कौलं पत्र्यासारखी दिसतायत, काय करू?

खटपट्या:
मुलीच्या खेळातल्या गाड्यांसाठी एक छोटं गाव करतोय. तीन घरं उभी राहिली, भिंती दारं खिडक्या सगळं झकास जमलंय पण छपराशी येऊन घोडं अडलंय. मोठ्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा घेतला, वरचा कागद सोलला, आतल्या पन्हळी उघड्या पडल्या, म्हटलं झालं काम! लाल रंग मारला आणि चार पावलं मागे जाऊन बघतो तर कौलं कसली, चक्क पत्र्याची शेड. वर रंग वाळेपर्यंत अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, होडीसारखं वाकलं ते वेगळंच. घर दुपाखी आहे, रुंदी १२ सेंमी, लांबी १८, स्केल १:५० च्या आसपास. आणि एकेक कौल कापून चिकटवा असं सांगणार असाल तर आधीच हात जोडतो.

उद्योगी_उंदीर:
प्लास्टिकच्या तयार शीट मिळतात की कौलांच्या, कशाला डोकं लावताय

खटपट्या:
पुठ्ठ्यातच करायचंय हो, सगळी मजाच त्यात आहे.

कात्री_कुरकुर:
पत्रा का दिसतो माहितीये का, पत्र्याची पन्हळ आढ्यापासून (छपराच्या वरच्या टोकापासून) वळचणीपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) एकसलग जाते आणि कौलांची दर ओळीला तुटते, वरची ओळ खालच्या ओळीवर चढलेली असते ना, तिथे आडवी पायरी पडते आणि पायरीखाली सावली. डोळा ती सावली बघून कौल म्हणतो. तुमच्या छपरात ती सावलीच नाहीये. मग करायचं काय, तर पुठ्ठ्याचे दोन्ही बाजूंचे कागद सोलायचे, एकच नाही. मागचा कागद राहिला तर पट्टी सपाट बसते आणि वरची ओळ खालच्या पन्हळींच्या डोक्यावर तरंगते. दोन्ही काढले की नुसता लाटालाटांचा कागद उरतो, त्याच्या पन्हळींना आडव्या कापून सेंटीमीटरभर रुंद पट्ट्या करा आणि खालून वर, पन्हळीत पन्हळ बसवत, ३ मिमी एकमेकींवर चढवत चिकटवा.

सोलताना कागदावर ओला स्पंज फिरवून दोन-तीन मिनिटं थांबा. आतला गोंद बहुतेक स्टार्चचा असतो, पाणी लागलं की सुटतो. पण भिजवून चिंब केलंत तर पन्हळीच बसतात, मी एकदा केलंय, हातात नुसता सपाट ओला कागद आला.

आणि मोठ्या खोक्याचा पुठ्ठा नकोच. त्यात दोन पन्हळींमधलं अंतर ६ ते ८ मिमी असतं, १:५० ला ती ३०-४० सेंमीची कौलं झाली, राक्षसाच्या घराची. छोट्या वस्तूंच्या खोक्यांना दीड मिमी जाडीचा बारीक पुठ्ठा येतो, त्यात साडेतीन मिमी अंतर असतं म्हणजे १७-१८ सेंमी. नळीचं कौल म्हणून एकदम फिट.

पाखं_मोजणारी:
कुरकुरदादांचं नळीच्या कौलांसाठी पटलं, पण मला विचाराल तर चपटी कौलं करा, सोलणंबिलणं काही नाही, बुटाच्या खोक्यापेक्षा पातळ, साधारण अर्धा मिमी जाडीचं कार्ड पुरतं. १२ मिमी रुंद पट्टी कापायची, खालच्या कडेपासून ८ मिमी खोल चिरा द्यायच्या, दर ५ मिमीला एक, कंगव्यासारख्या. वरचे ४ मिमी न चिरलेले राहतात, ते पुढच्या ओळीखाली जातात. ओळ एक सोडून एक अर्धं कौल सरकवा, चिरेवर चीर येता कामा नये.

हिशोब करून दिला. अर्धी रुंदी ६ सेंमी, आढ्याची उंची ४ धरली तर पाख्याची तिरकी लांबी ७.२, वळचणीला ८ मिमी बाहेर काढा म्हणजे झाले ८ सेंमी. दर ओळीचा ८ मिमी भाग दिसणार, म्हणजे एका पाख्याला १० ओळी. दोन्ही बाजूंना एकेक सेंमी बाहेर धरून पट्टी २० सेंमीची. दोन पाख्यांच्या २० पट्ट्या, पट्टीला ४० कौलं, एकूण ८००. एकेक लावायचं म्हटलं तर हात जोडून भागणार नाही, पट्ट्यांनी दोन संध्याकाळीत होतं.

वळचणीच्या पहिल्या ओळीखाली २-३ मिमीची एक जास्तीची बारीक पट्टी विसरू नका. त्या पहिल्या ओळीखाली चढायला दुसरी ओळ नसते ना, त्यामुळे ती सपाट बसते आणि बाकीच्यांशी तिचा कल जुळत नाही. आणि वाळल्यावर चार-पाच कौलांचे कोपरे नखाने किंचित उचला, एखादं मोडा, छप्पर लगेच जुनं वाटतं.

गप्प_वाचक:
वाकण्याचं राहूनच गेलं. पांढऱ्या गोंदात पाणी, रंगातही पाणी, ते एकाच बाजूने शिरलं की तिकडचे तंतू फुगतात आणि वाळताना आखडून पुठ्ठ्याला ओढतात. उपाय सोपा, उलट्या बाजूलाही कागद चिकटवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून. पुस्तकाची बांधणी करणारे हेच करतात. गोंद पातळ लावा, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. रंगवायच्या आधी दोन्ही बाजूंना वॉर्निशचा हात द्या. रंग एकदम लाल नको, आधी गडद तपकिरी, वाळल्यावर जवळपास कोरड्या ब्रशने विटकरी फक्त कडांवर घासा. कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात तिथे पण पोचला पाहिजे.

खटपट्या:
सगळ्यांचे आभार, ताईंच्या पद्धतीने एक पाखं झालं! मागे कागद लावला, तसूभर वाकलं नाही. चूक एकच, आधी पेन्सिलीने आडव्या रेषा मारून घेतल्या नाहीत, सहाव्या ओळीपासून छप्पर डावीकडे उतरायला लागलं आणि आढ्याला पोचेपर्यंत एका टोकाला ४ मिमीचा फरक. आता आढ्याची कौलं कशी करू आणि तो फरक त्यांच्याखाली लपेल का?

पाखं_मोजणारी:
लपेल. जाड कागदाचे १० मिमी लांब तुकडे पेन्सिलीवर गुंडाळून गोलाई द्या, एकावर एक २ मिमी चढवत जा, दोन्ही पाख्यांवर ५-५ मिमी उतरतील एवढे रुंद ठेवा. दुसऱ्या पाख्याला रेषा मारा मात्र.

खटपट्या:
मारल्यात. मुलगी म्हणते पहिलंच छान आहे, दुसरं पण तसंच तिरकं कर.